लाल, पण कुंकवाचा नाही

परभणीच्या नानलपेठेत माझी मावशी राहते. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा तिच्या घरात सगळ्यात गार जागा एकच असते, माठाच्या तिवईखालची. तिथे ओलं पोतं अंथरलेलं असतं आणि त्या पोत्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. पाहुण्यांना वाटतं आत लोणी असेल, नाहीतर डोळ्यांत घालायचे थेंब. आत नेलपॉलिशच्या एकवीस बाटल्या आहेत. प्रत्येक बाटली जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेली, आणि प्रत्येक चिंधीला दोऱ्याने बांधलेली कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर मावशीच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात रंगाचं नाव आणि साल. कंपनीने दिलेलं नाव नाही, तिने दिलेलं. डाळिंबी, १९७१. विटकरी, १९७८. मोतिया, १९८४. गाजरी, १९८९. आमसुली, १९९६.

जगात जुन्या नेलपॉलिशचे संग्राहक पुष्कळ आहेत. पॅरिसच्या फॅशनघराण्यांच्या बंद झालेल्या छटा ते शोधतात, वाट बघतात, बोली लावतात. त्यांच्या काचेच्या कपाटांची छायाचित्रं मी पाहिली आहेत. पण हा लेख लिहावासा वाटला तो या माठाखालच्या डब्यामुळे. कारण मावशी जमवते ते लावायला. एक सोडली तर डब्यातली कुठलीही बाटली नुसती बघायची नाही. वर्षातून एकदा तरी बाकीचा प्रत्येक रंग बोटांवर चढतो, आणि कोणता कधी हे तिच्या मनात ठरलेलं असतं. विटकरी पोळ्याला. मोतिया कोजागरीला. आमसुली संक्रांतीला, काळ्या साडीवर.

मावशी १९६८ मध्ये सेलू तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून तेव्हा वीस वर्षं झाली होती आणि खेड्यात शिकवायला येणारी बाई हा अजून टक लावून बघायचा विषय होता. तिचं बोलणं, चालणं, पदर, सगळ्याची नोंद व्हायची. नखं रंगवलेली बाई म्हणजे नटवी, हा निकाल तर आधीच लागलेला. मग तिने काय केलं? हाताची नखं कोरी ठेवली आणि पायाची रंगवली. पायघोळ साडी, वर बंद वहाणा. शाळेत पोचेपर्यंत धुळीने पाय माखलेले. "कुणाला दिसत नव्हतं," ती सांगते, "पण मला ठाऊक होतं ना. फळ्यावर गणित लिहिताना मला ठाऊक असायचं की वहाणेत माझी बोटं डाळिंबी आहेत."

डाळिंबीची ही डब्यातली सगळ्यात जुनी बाटली लॅक्मेची आहे. पांढरं झाकण पिवळं पडलंय, आतला रंग तळाशी घट्ट बसलाय, वर तेलकट पातळ थर. हीच एक बाटली आता लागत नाही. तरी ती डब्यात आहे.

लॅक्मेची गोष्ट अनेकांना अर्धी माहीत असते. १९५२ मध्ये टाटा ऑइल मिल्स या साबण-तेलाच्या कंपनीची शाखा म्हणून मुंबईत लॅक्मे सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती, श्रीमंत घरच्या बायका परदेशी प्रसाधनांवर ते खर्च करत, म्हणून नेहरूंनी जे. आर. डी. टाटांना इथेच असा कारखाना काढायला सुचवलं, असं सांगितलं जातं. रोबेर पिगे आणि रेन्वार या फ्रेंच घराण्यांची मदत घेतली गेली. पिगे म्हणजे पॅरिसमधले नावाजलेले वस्त्रकार. पुढे जगभर गाजलेल्या क्रिस्तियान दिओर यांनी १९३८च्या सुमारास त्यांच्याच पेढीत काम केलं होतं. तेव्हा आपल्याकडच्या दुकानातल्या बाटलीचं नातं अगदी सुरुवातीपासून पॅरिसच्या शिवणघरांशी जुळलेलं आहे. नावही तिकडूनच आलं. लिओ दलीब या संगीतकाराचा 'लॅक्मे' हा ऑपेरा १८८३ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आला. त्यातली नायिका एका ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी. गोऱ्या अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते आणि शेवटी धोतऱ्याचं पान खाऊन जीव देते. लॅक्मे म्हणजे फ्रेंच तोंडातून आलेली लक्ष्मी. आपली लक्ष्मी पॅरिसला गेली, तिथे धोतरा खाऊन मेली आणि मुंबईत बाटलीवर नाव होऊन परत आली. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली आणि म्हणाली, "धोतरा तर आपल्या शाळेमागं पण होता."

कंपनीला चेहरा दिला तो सिमोन टाटांनी. जिनिव्हात वाढलेली ही मुलगी १९५३ मध्ये प्रवासी म्हणून भारतात आली, १९५५ मध्ये नवल टाटांशी लग्न करून मुंबईची झाली, १९६१ मध्ये लॅक्मेच्या संचालक मंडळावर गेली आणि १९८२ मध्ये अध्यक्ष झाली. तो काळ असा की सरकारच्या लेखी प्रसाधन म्हणजे चैन, आणि चैनीवर भारी अबकारी कर. अशा काळात भारतीय कातडीच्या रंगाला, भारतीय खिशाला आणि भारतीय संकोचाला जमेल असा माल काढायचा होता. ऐंशीच्या दशकात श्यामोली वर्मा या मॉडेलला घेऊन केलेल्या जाहिराती मावशीने मासिकांतून कापून ठेवल्यात. साडी, दागिने, हातात भारतीय वाद्य, आणि तारेवर ठेवलेली ती रंगीत बोटं. "बघ," मावशी म्हणते, "सतार वाजवणाऱ्या बाईला कोण नटवी म्हणणार?" मला वाटतं त्या जाहिरातीचं मर्म इतक्या थोडक्यात जाहिरातवाल्यांनाही सांगता आलं नसतं. साधारण त्याच सुमारास मावशीच्या हाताची नखं पहिल्यांदा रंगली. चिठ्ठी सांगते: मोतिया, १९८४.

परभणीत हा माल यायचा रेल्वेने, मुंबईहून, हैदराबादहून. गांधी पार्क आणि कच्छी बाजाराच्या बाजूला कटलरीची दुकानं होती, अजून आहेत. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत. कटलरी म्हणजे टिकल्या, पिना, रिबनी, बांगड्या, पावडरीचे डबे, गंगावनं आणि काउंटरच्या काचेखाली ओळीने मांडलेली नेलपॉलिशं. दुकानदार पुरुष, गिऱ्हाईक बाई. रंग लावून बघायचा तर दुकानदारासमोर बोट पुढे करायचं, म्हणून कुणी लावून बघत नसे. काचेवरून बोट ठेवून "हा" म्हणायचं आणि कागदात बांधून घ्यायचं. मावशी तर रंगसुद्धा नावाने मागत नसे. घरून साडीच्या काठाचा दोरा काढून न्यायची आणि म्हणायची, याला जुळणारं द्या.

आता या बाटलीत असतं काय ते सांगायला हवं. परभणीच्या माणसाने नेलपॉलिशवर लिहायचं आणि हे सांगायचं नाही, तर लेख अपुरा राहील. बाटलीत कापूस असतो.

कापसाचं बोंड वेचलं, जिनिंगला गेलं, रुई आणि सरकी वेगळी झाली, तरी सरकीच्या अंगावर बारीक लव राहते. सूत काढायला ती फारच आखूड. व्यापारात तिला लिंटर म्हणतात. ही लव म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तिच्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज होतं. लाकडाच्या लगद्यापासूनही ते करतात. ते एथिल आणि ब्युटिल अ‍ॅसिटेटसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवायचं. तडकू नये म्हणून मऊपणा आणणारं द्रव्य, चकाकीसाठी राळ आणि शेवटी रंग. नखावर लावलं की द्रव उडून जातो आणि कापसाचा पातळ, चमकदार पापुद्रा मागे उरतो. नेलपॉलिश वाळतं म्हणजे एवढंच होतं.

नायट्रोसेल्युलोजचा शोध लावला क्रिस्तियान शोनबाइन यांनी, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, आणि १८४६ मध्ये तो जगाला कळवला. स्वयंपाकघरात आम्ल सांडलं, बायकोच्या सुती एप्रनने त्यांनी ते पुसलं, एप्रन शेगडीजवळ वाळत टाकला आणि तो भप्पकन जळून गेला, अशी कथा सांगतात. या पदार्थाचं पहिलं काम बंदुकीत होतं. मग छायाचित्रात, मग सिनेमात. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या काळात सिनेमाची फीत याच पदार्थाची असे. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारींना याचा झटपट वाळणारा, चकचकीत रंग द्यायला सुरुवात झाली, आणि मोटारीवर शोभणारी ती चकाकी लवकरच नखांवर उतरली. कटेक्स कंपनीची पातळ नेलपॉलिशं बाजारात होतीच, पण ती फिकी, आरपार दिसणारी. १९३२ मध्ये रेव्हसन बंधू आणि चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन काढली. नावातला 'ल' लॅकमनचा. त्यांनी आणलेला रंग दाट होता, नखाला झाकून टाकणारा. आज आपण ज्याला नेलपॉलिश म्हणतो ते तिथून.

परभणी कापसाची. मानवत आणि सेलूच्या जिनिंग, दिवाळीनंतर रस्त्याने कापूस सांडत जाणाऱ्या गाड्या, कृषी विद्यापीठाचं महबूब बागेतलं कापूस संशोधन केंद्र. शेजारच्या नांदेडहून १९८४ मध्ये एनएचएच ४४ हे संकरित वाण आलं आणि 'नांदेड ४४' नावाने घरोघरी झालं. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात. दहीभात घेऊन बायका कापसाच्या ओळीत जातात, पूजा करतात आणि मगच बोंडाला हात लावतात. हे हात कुणी जवळून बघितलेत का? वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. कापूस उपसताना ती नखाच्या कडेला, नेमकी जिथे कातडी नाजूक तिथे टोचतात. चार दिवसांच्या वेचणीत बोटांची टोकं चिरतात, नखं काळवंडतात.

गेल्या मोसमात मी मानवत रोडकडच्या एका शेतात दोन दिवस वेचणीवाल्या बायकांबरोबर होते. सात बायका. त्यातल्या चौघींच्या नखांवर रंग होता, टवके उडालेला, कुणाचा राणी, कुणाचा चॉकलेटी. आठवडी बाजारातली छोटी बाटली, जावाजावांत मिळून एक. मी विचारलं, इतकं काम, रंग टिकतो का? एकीने कापूस ओटीत टाकत उत्तर दिलं: "टिकत नाही बाई. पण नख काळं पडायलं की वरून लावायचं. बोट आपलं दिसतंय मग." सरकीवरची लव जिथून निघते त्या बोंडाशी झगडून काळी पडलेली नखं, आणि त्यांच्यावर त्याच लवेपासून होणारा पापुद्रा. हा योग मी डोळ्यांनी पाहिला आणि तो माझ्या मनातून जात नाही.

आमसुली १९९६. या बाटलीबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण संग्राहकांच्या जगात तिला मान आहे आणि आमच्या डब्यात ती योगायोगाने आली.

१९९४ मध्ये शनेल या पॅरिसच्या घराण्याने एका फॅशन शोसाठी मॉडेलांच्या नखांवर जवळजवळ काळा वाटावा असा लाल रंग लावला. तो तयार केला होता डोमिनिक मोंकुर्तुआ आणि हायडी मोराव्हेट्झ या दोघांनी. 'रूज न्वार', म्हणजे काळा लाल. अमेरिकेत तो 'व्हँप' नावाने विकला गेला. त्याच वर्षी आलेल्या 'पल्प फिक्शन' या सिनेमात उमा थर्मनची बोटं या रंगाची होती, असं सगळे संग्राहक सांगतात. दुकानांत साठा संपला, वाट पाहणाऱ्यांच्या याद्या लागल्या. त्याआधी नखाचा रंग म्हणजे गुलाबी, लाल, फार तर तपकिरी. या एका बाटलीनंतर काळा, निळा, हिरवा, काहीही चालू लागलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत डिनेह मोहाजेर या विद्यार्थिनीने आकाशी रंगाची बाटली काढली आणि 'हार्ड कँडी' उभी केली. २००९ मध्ये शनेलने 'जेड' ही फिकट हिरवी छटा थोड्या दिवसांसाठी आणली आणि ती मूळ किमतीच्या कितीतरी पटीने हातोहात फिरली.

वस्त्रकारांना नखांचं वेड मात्र त्याहून जुनं. एल्सा स्कियापारेल्ली यांनी १९३६ मध्ये काळे हातमोजे केले आणि त्यांच्या बोटांवर लाल सर्पकातड्याची नखं शिवली. क्रिस्तियान लुबुतँ यांच्या बुटांचा लाल तळवा जगप्रसिद्ध आहे. तो सुरू झाला तो १९९३ मध्ये, शेजारी बसलेल्या मदतनीस मुलीच्या हातातली नेलपॉलिशची बाटली घेऊन त्यांनी बुटाचा काळा तळवा रंगवला तेव्हा. एकवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, त्यांनी तोच लाल बाटलीत भरून विकायला काढला, पन्नास डॉलरला. त्या वेळच्या भावाने तीन हजार रुपये.

आमच्याकडची रूज न्वार न्यू जर्सीहून आली. माझी आतेबहीण लग्नानंतर तिकडे गेली होती. १९९६च्या डिसेंबरात ती सुट्टीला आली आणि सामानातून प्रत्येकासाठी काहीतरी काढत राहिली. मावशीच्या वाट्याला तिने स्वतःची अर्धी वापरलेली बाटली दिली. दुसऱ्यांना नवीन वस्तू आणि आपल्याला उष्टी, असं मावशीला क्षणभर वाटलं असणार. मग तिने झाकण उघडलं, ब्रश बाहेर काढला आणि म्हणाली, "अगं, हा तर आमसुलाचा रंग." चौकोनी काच, काळं उभं झाकण, आत वाळलेल्या कोकमासारखा काळसर लाल. शनेलने हा रंग पुढे अनेकदा काढला, पण जुन्या संग्राहकांचा जीव पहिल्या काळातल्या बाटलीवर आहे. मावशीला यातलं काही माहीत नव्हतं. महिनाभराने संक्रांत आली. तिने काळी चंद्रकळा नेसली, हळदीकुंकवाला गेली आणि वाणाच्या सुगडाला हात लावताना सगळ्या बायका तिच्या नखांकडे बघत राहिल्या. आमच्या धर्मात काळा रंग एका दिवसापुरता शुभ. तिने त्या एका दिवसात तो बरोबर बसवला.

त्या बाटलीला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली आणि ती अजून लागते. कशी, हे मावशीकडून शिकण्यासारखं आहे. बाटली हलवायची नाही. हलवली की हवेचे बुडबुडे शिरतात. दोन तळव्यांमध्ये रवी घुसळल्यासारखी हळूहळू फिरवायची, पाच-दहा मिनिटं, तळाचा रंग वर येईपर्यंत. बऱ्याच बाटल्यांत पोलादाच्या बारीक गोळ्या असतात, त्या याच कामाला. घट्ट झालं असेल तर नेलपॉलिशचं थिनर दोन-तीन थेंब. अ‍ॅसिटोन किंवा रिमूव्हर कधीच नाही. त्याने एक दिवस पातळ होतं आणि पापुद्र्याची वीण कायमची बिघडते. लावून झालं की काचेची मान पुसून घ्यायची, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि परभणीचं ऊन उरलेला द्रव आठवड्यात पिऊन टाकतं. उजेड तर शत्रूच. नायट्रोसेल्युलोज उजेडात पिवळं पडतं, म्हणून चिंधी. लाल रंग नखाला डाग पाडतो, म्हणून आधी बिनरंगाचा एक हात. बाटलीतला पदार्थ जेलीसारखा गोठला असेल तर मात्र त्याला परत आणता येत नाही. डाळिंबीचं तेच झालं.

एक सावधगिरी कळकळीने सांगते. जुन्या बाटल्यांत टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट असू शकतात. यातल्या थॅलेटवर युरोपीय संघाने २००४ मध्ये प्रसाधनांत बंदी घातली आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ते काढून टाकलं. म्हणून जुना रंग खिडकी उघडी ठेवूनच लावावा, गरोदर बाईने लावू नये, लहान मुलींना तर अजिबात लावू नये. आणि चूल, गॅस, उदबत्ती, काहीही पेटलेलं जवळ नको. हा शोनबाइनचाच कापूस आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या गोदामाला आग लागली आणि आपल्या सुरुवातीच्या सिनेमांचा मोठा ठेवा काही तासांत गेला. जुनी बाटली विमान-टपालाने पाठवता येत नाही, तीही याच ज्वालाग्रही स्वभावामुळे. त्यामुळे खरे संग्रह असे हातोहात, नातेवाइकांच्या सामानातून वाढतात.

नखं रंगवणं आपल्याला नवं नाही. मेंदी आहे. तिच्यातलं लॉसोन नावाचं द्रव्य नखाच्या केराटिनला असं धरतं की नख वाढून कापलं जाईपर्यंत सुटत नाही. तेरड्यातही हेच द्रव्य असतं. कोरियात मुली तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर वाटून नखांवर बांधतात आणि ती केशरी छटा महिनोन्‌महिने राहते. आपण मात्र तेरड्याचा रंग तीन दिवस असं ठरवून टाकलं. तेरड्यावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

दरवर्षी फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. दोन आठवडे सगळा जिल्हा तिथे लोटतो. बांगड्या, अत्तर, सुरमा, मेंदीचे कोन. गेल्या उरसात एका बांगडीवाल्या खालांशी बोलत बसले होते. त्यांच्या स्वतःच्या नखांवर मेंदी, समोर विकायला नेलपॉलिश. त्यांनी समजावलं, नमाजाआधी वजू करताना नखाला पाणी लागलंच पाहिजे, पॉलिशचा पापुद्रा पाणी अडवतो, मेंदी अडवत नाही. "मगर शौक तो सबको है ना बेटा," असं म्हणून त्या हसल्या. त्यांच्याकडच्या मुली पाळीच्या दिवसांत, नमाज नसते तेव्हा, रंग लावतात आणि मग पुसून टाकतात. म्हणजे महिन्यातले ते काही दिवस स्वतःचे.

स्वतःचे. हा शब्द मी खूप दिवस शोधत होते. बाईच्या अंगावरचा बहुतेक शृंगार कुणाच्यातरी नावाचा असतो. कुंकू, मंगळसूत्र, हिरवा चुडा, जोडवी. देतानाही समारंभ, काढतानाही. २००१ मध्ये मावशीचे यजमान, आमचे काका, गेले. दहाव्याच्या दिवशी विधवेचं जे करतात ते मावशीचंही झालं. बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं, जोडवी निघाली. माझ्या आठवणीत ते दुपारचं अंगण आहे आणि खाली बसलेली मावशी. करणाऱ्या बायकांपैकी एकीची नजर तिच्या पायाकडे गेली. जोडवी काढलेल्या बोटांची नखं विटकरी होती, पोळ्याला लावलेली. ती बाई थांबली. आता याचं काय करायचं? कुणालाच सांगता येईना. शास्त्रात ते नव्हतं, रिवाजात नव्हतं, सासूने सुनेला सांगितलेल्या यादीत नव्हतं. सौभाग्य म्हणून ते कुणी दिलं नव्हतं, म्हणून काढूनही घेता येईना. नखं तशीच राहिली.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. ती बातमी मावशीला मी वाचून दाखवली. कुंकू, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, एकेक नाव आलं तशी ती मान हलवत राहिली. मग उठून डबा काढला, आमसुलीची चिंधी सोडली आणि भर उन्हाळ्यात, संक्रांत नसताना, बोटं माझ्यापुढे केली. "लाव," म्हणाली. तिचा हात आता थरथरतो. तेव्हापासून लावायचं काम माझं.

काका गेल्यानंतरच्या चिठ्ठ्या वेगळ्या आहेत. पूर्वी रंग आणि साल एवढंच होतं. २००२ पासून प्रसंगही येतो. 'आमसुली, संक्रांत, हळदीकुंकवाला बोलावलं नाही, घरीच लावलं.' 'गाजरी, निवृत्तीचा सत्कार.' 'मोतिया, कोजागरी, एकटीनं दूध आटवलं.' ही मोतियाची चमक जुन्या पद्धतीच्या बाटल्यांत माशांच्या खवल्यांतून काढलेल्या द्रव्याने यायची, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. शाकाहारी आहे ती.

२६ एप्रिल २०२४ ला परभणीत लोकसभेचं मतदान होतं. आदल्या संध्याकाळी मावशीने मला बोलावलं आणि डाव्या हाताच्या तर्जनीचं नख तेवढं पुसून द्यायला सांगितलं. बाकी नऊ आमसुली. "शाई नखावर धरली पाहिजे," ती म्हणाली. "रंगावर लावली तर रंगाबरोबर निघून जाईल." निवडणुकीची शाई १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून येते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. ते उजेडात काळं पडतं आणि कातडीवरून दोन-तीन आठवड्यांत गेलं तरी नखात राहतं. खेड्यापाड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या नखाला आयुष्यात लागलेला रंग हा एवढाच.

नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मे, जून, जुलै. शाईची रेघ वर सरकत गेली. मागून कोरं नख येत गेलं. पोळ्याला मी विटकरी लावायला गेले तेव्हा मावशीने तर्जनी मागे घेतली. कोजागरीला पुन्हा मागे घेतली. दिवाळीच्या आदल्या दिवशी टोकाला काळी कड तेवढी उरली होती, आमसुलापेक्षाही काळी. मी नेलकटर काढलं. तिने नको म्हटलं. वीस नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, तोवर राहू दे म्हणाली. त्या सकाळी केंद्रावरच्या मुलीने तिचं बोट धरलं, जुनी कड पाहिली आणि मागे नखाच्या मुळाशी नवी रेघ ओढली. घरी आल्यावर मावशीने हात माझ्यापुढे ठेवला. एका नखावर दोन काळ्या रेघा, मध्ये सात महिन्यांचं कोरं नख. मी माठाखालून डबा काढला, बाकीच्या नऊ बोटांसाठी.